विकलेलं घड्याळ धडधाकट पोचवायचं कसं

गिरगावात आमच्या चाळीच्या जिन्याखाली अण्णांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान आपलं म्हणायचं म्हणून. एक काचेचं टेबल, एक स्टूल आणि डोळ्याला भिंग लावून बसलेले अण्णा. ते गेल्यावर जागा मालकाकडे परत गेली आणि माझ्याकडे दहिसरला आले तीन पत्र्याचे डबे. एका डब्यात गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकून परत न नेलेली घड्याळं होती, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. त्यांना मी हात लावत नाही. कोण जाणे, अजून एखादा यायचा. उरलेल्या दोन डब्यांत अण्णांनी सुट्या भागांसाठी विकत घेतलेली, पण पुढे खोलायचा जीव न झालेली घड्याळं निघाली. एचएमटीची जनता, पायलट, सोना, कोहिनूर. काही टाइमपीस, आणि माळ्यावर टोल्यांची दोन भिंतीवरची घड्याळं.

एचएमटी या सरकारी कंपनीने १९६१ साली बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली आणि २०१६ मध्ये सरकारने तो घड्याळांचा कारभार बंद करायचं ठरवलं. तेव्हापासून ज्यांच्या वडिलांच्या मनगटावर ‘जनता’ होतं अशी माणसं ती शोधत फिरतात. माझ्याकडची साधारण दोन हजारांपासून आठ हजारांपर्यंत गेली, भिंतीवरचं त्याहून बरंच वर. मुलाने फोटो टाकायला शिकवलं, मोलभाव मला गिरगावनेच शिकवला होता. पार्सल पाठवणं मात्र चुका करत शिकले, आणि त्या चुका आता तुमच्या उपयोगी पडाव्यात म्हणून लिहितेय. तुम्ही घड्याळ नाही, जुना कॅमेरा विकत असाल, फाउंटन पेन विकत असाल, तरी यातलं बरंचसं तसंच्या तसं लागू पडेल.

खोका घेण्याआधी

मला आधी वाटायचं की सगळा धोका वाटेत असतो. गोणीत फेकतील, कुणी चोरेल, पावसात भिजेल. प्रत्यक्षात मला ज्याने रडवलं ते वाटेत घडलंच नव्हतं. एका गिऱ्हाइकाने काळ्या डायलचं पायलट घेतलं, साडेचार हजारांना. चार दिवसांनी निरोप: ताई, चालत नाही, परत पाठवतो, पैसे द्या. घड्याळ परत आलं. डायल काळी, काटे तसेच, पट्टासुद्धा माझ्याच घड्याळाचा. मी झाकण उघडलं आणि मशीन बघून पोटात गोळाच आला. गंजलेलं, एक स्क्रू गायब. हे माझं नव्हतंच.

पण ते माझं नाही हे दाखवायचं कसं? तिथे अण्णा धावून आले. जुने घड्याळजी दुरुस्ती केली की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक खूण कोरतात, म्हणजे तेच घड्याळ पुन्हा आलं तर आपण कधी हात लावला होता ते कळतं. अण्णा तारीख कोरायचे आणि तिच्याखाली एक आडवी रेघ. भिंगाखाली धरून, झाकण जरा तिरकं करून उजेडात फिरवलं की दिसते, नाहीतर नाही. मी पाठवलेल्या घड्याळाच्या झाकणात ‘१४.३.८७’ होतं आणि त्याचा फोटो माझ्याकडे होता. फोटो काढला होता तो खरं तर अण्णांच्या आठवणीसाठी, पुराव्याचं तेव्हा डोक्यातही नव्हतं. परत आलेल्या झाकणाची आतली बाजू कोरी. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठवले, खाली एक अक्षर लिहिलं नाही. आठ दिवस माणूस गप्प. मग म्हणाला, इथल्या कारागिराने बदललं असेल. म्हटलं, मग त्याच्याकडून घ्या. त्याचं घड्याळ त्याच्याच खर्चाने परत गेलं, माझं त्याच्याकडे राहिलं, पैसे माझ्याकडे. फिट्टंफाट.

तेव्हापासून वस्तू विकायला काढण्याआधीच तिची जन्मपत्रिका करून ठेवते. पुढून, मागून, दोन्ही कडांनी फोटो. झाकण उघडून मशीनचा फोटो, मशीनवर नंबर असेल तर तो नीट वाचता येईल असा. झाकणावरचा नंबर. जिथे चरा आहे, जिथे डायलवर डाग आहे, त्याचा तर जवळून फोटो हवाच. आपण व्यंग लपवायला जातो, पण ते वस्तूच्या बोटांच्या ठशासारखं असतं. दोन पायलट बाजारात सारखी मिळतील, आठच्या आकड्याजवळ अगदी तसाच डाग असलेली दोन मिळणार नाहीत. तुमची वस्तू उघडता येत नसेल तर आत कुठेतरी न दिसणाऱ्या जागी अदृश्य शाईच्या पेनाने टिंब द्या. ही पेनं स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखालीच दिसतात. हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही.

आणि परत येणाऱ्या वस्तूबाबतचा नियम विकतानाच लिहून द्यायचा: वस्तू आधी माझ्याकडे येईल, मी ती चित्रीकरण करत उघडेन, मगच पैसे. घाई करणाऱ्या माणसाला हा नियम आवडत नाही. न आवडो.

पैसे आले म्हणजे कुठे आले

सगळ्यांत जास्त फसवणूक इथे होते, पण सांगण्यासारखं थोडंच आहे. पैसे आलेत का, हे स्क्रीनशॉटवरून ठरवायचं नाही. मोबाइलवर आलेल्या मेसेजवरूनही नाही, कारण बँकेसारखा दिसणारा मेसेज कुणीही पाठवू शकतो. स्वतःच्या बँकेचं ॲप उघडायचं आणि खात्यातली शिल्लक बघायची. पासबुक भरून आणणारे असाल तर तेही चालेल, एक दिवस उशिरा पार्सल गेल्याने काही बिघडत नाही.

यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो. घेताना कधीच लागत नाही. कुणी ‘हा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे तुमच्याकडे येतील’ म्हणालं की फोन ठेवायचा. मला एकदा एका ‘फौजी’ने फोन केला. सीमेवर पोस्टिंग आहे, वडिलांना वाढदिवसाला घड्याळ द्यायचंय, कँटीनच्या खात्यातून पैसे येतील, आधी एक रुपया पाठवून बघा. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. मी विचारलं, कुठलं मॉडेल घेताय? म्हणाला, जो फोटो में है वही. माझ्या जाहिरातीत सहा घड्याळांचा एकच फोटो होता. ज्याला खरंच जुनं घड्याळ हवं असतं तो डायलच्या रंगावरून पंधरा मिनिटं माझं डोकं खातो. घासाघीस न करता, एकही प्रश्न न विचारता विकत घ्यायला निघालेल्या माणसाला मी आता दूरच ठेवते.

‘चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा’ हाही जुनाच डाव. ॲपमध्ये खरोखर जमा झाल्याचं दिसेपर्यंत एक पैसाही परत करायचा नाही. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. सायबर गुन्ह्यांसाठीचा तो राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे आणि जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त.

मनगटी घड्याळ बांधणं

माझं पहिलं पार्सल पोचलं तेव्हा गिऱ्हाइकाने फोटो पाठवला: काचेवर आडवा खोल चरा. माझीच चूक. पट्टा मिटून घड्याळ बबल रॅपमध्ये गुंडाळलं होतं, आणि वाटभर पट्ट्याचं बक्कल काचेवर घासत गेलं. एचएमटीच्या जुन्या घड्याळांची काच ॲक्रिलिकची असते, सहज ओरखडा पडेल इतकी मऊ. नवी काच बसवायचे पैसे मी भरले.

आता मी असं करते. चावीचं घड्याळ असेल तर दोन दिवस चावी न देता ठेवते, ते आपोआप थांबतं. सेलचं असेल तर सेल काढून वेगळ्या पुडीत. टाइमपीस असेल तर त्याचा गजर पूर्ण वाजवून, उतरवून मगच खोक्यात. हे का सांगतेय? राखीपौर्णिमेच्या आठवड्यात पोस्टात रांग जिन्यापर्यंत होती, सगळ्यांच्या हातात राख्यांची पाकिटं, आणि माझ्या हातातलं खोकं खणखणायला लागलं. क्षणभर सगळी रांग माझ्याकडे बघत राहिली. काउंटरवरच्या बाईंनी खोकं उघडायला लावलं, मी टेप फाडला, गजर बंद केला, घरी येऊन सगळं पुन्हा बांधलं. अर्धा दिवस गेला. टिकटिक करणारं पार्सल कुणालाच नको असतं, आणि त्यात त्यांचं काय चुकतं?

घड्याळ थांबलं की पिवळ्या मऊ कपड्याने पुसायचं, चष्म्याबरोबर मिळतो तो कपडा उत्तम. चावी आत दाबलेली आहे ना ते बघायचं, बाहेर ओढलेली राहिली तर तिच्यावर दाब येऊन दांडी वाकते. मग जुन्या सुती साडीची किंवा धोतराची पट्टी घेऊन तिची अंगठ्याएवढी जाड गुंडाळी करायची. घड्याळाचा पट्टा या गुंडाळीभोवती, मनगटावर बांधतो तसा बांधायचा. बक्कल गुंडाळीच्या खालच्या अंगाला जातं, काच वर राहते, दोघांची गाठच पडत नाही. काचेवर बटर पेपरचा तुकडा. वर्तमानपत्र काचेला किंवा पट्ट्याला थेट लावू नका, दमट हवेत शाई उतरते.

हे सगळं एका छोट्या कडक डब्यात. मी मुखवासाचे गोल प्लॅस्टिकचे डबे वापरते, धुऊन, दोन दिवस उन्हात ठेवून, नाहीतर गिऱ्हाइकाला घड्याळाला बडीशेपेचा वास येतो. (आलाय. त्याने पाच तारे दिले आणि वासाचाही उल्लेख केला.) डब्यात सिलिका जेलची पुडी टाकायची, पावसाळ्यात दोन. डबा बंद करून कानाशी धरून हलवायचा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर आणखी कापड भरायचं. आवाज यायला नको, तसं झाकणही जोर लावून बंद करावं लागायला नको, नाहीतर सगळा दाब काचेवर.

मग डबा बबल रॅपमध्ये, फुगे आतल्या बाजूला. दोन वेढे पुरतात. आणि हा गठ्ठा मोठ्या खोक्याच्या मधोमध, चारी बाजूंनी, खालून आणि वरून निदान तीन बोटं जागा सोडून. त्या जागेत चुरगळलेला कागद घट्ट भरायचा. इथे वर्तमानपत्र चालतं.

खोकं किराणावाल्याकडचं बिस्किटाचं नको. ते पातळ असतं आणि त्यावर तेलाचे डाग असतात. औषधवाल्याकडची खोकी जाड असतात, मागितली तर फुकट देतो. मी आता अब्दुल रहमान स्ट्रीटवरून तीन प्लायची, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याची, कोरी खोकी गठ्ठ्याने आणते, क्रॉफर्ड मार्केटला गेले की. शेजारच्या जोशीकाकू लोणची पाठवतात, आम्ही गठ्ठा अर्धा अर्धा वाटून घेतो. एक मात्र लक्षात ठेवा: खोकी माळ्यावर किंवा बाल्कनीत ठेवली तर जून-जुलैत पुठ्ठा ओलावा धरतो, आणि ओलसर पुठ्ठ्यावर टेप चिकटतो तो फक्त तुमच्या घरात असेपर्यंत. मी पलंगाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते. टेप रुंद खाकी, वरच्या आणि खालच्या जोडावर इंग्रजी एच काढल्यासारखा: मधली फट आणि दोन्ही टोकांच्या कडा. सुतळी नको, ती यंत्रात अडकते.

पाऊस असेल तर डब्याला एक पिशवी आणि खोक्याला बाहेरून एक. बाहेरची पिशवी जाड, पांढरी, जिच्यावर पत्ता लिहिता येतो ती.

अण्णा कोकणात गिऱ्हाइकाला घड्याळ पाठवायचे तेव्हा मांजरपाटाच्या पिशवीत घालून सुईदोऱ्याने शिवायचे आणि प्रत्येक टाक्याच्या जोडावर लाख वितळवून त्यावर आपली पितळी मोहोर दाबायचे. विमा उतरवलेल्या पार्सलला तेव्हा ती लाख लागायचीच. मला त्या वेळी तो सगळा खटाटोप वाटायचा. आता कळतं, लाख तुटली की पार्सल कुणी उघडलं हे पोचताक्षणी दिसायचं. आजची सोय म्हणजे टेपच्या जोडावर आडवी सही करायची, अर्धी टेपवर आणि अर्धी पुठ्ठ्यावर, आणि तिचा फोटो काढायचा.

हे बांधकाम चांगलं झालंय का, हे तपासायला माझ्याकडे एक बंद पडलेलं, अण्णांनीच मोडीत काढलेलं टाइमपीस आहे. नवीन प्रकारचं खोकं वापरायचं तर आधी ते त्यात बांधते आणि कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर सोडते. सपाट, कडेवर, कोपऱ्यावर. आतापर्यंत त्याची काच दोनदा फुटली. विकायच्या घड्याळाची एकदाही नाही.

भिंतीवरचं घड्याळ

लंबकाचं घड्याळ पाठवायचं असेल तर आधी विचार करा की माणूस स्वतः येऊन नेऊ शकतो का. दादरला प्लॅटफॉर्मवरच्या पुलाखाली मी एक घड्याळ एका पुणेकराच्या हातात दिलं आणि चहाही प्यायले, दोघांचाही जीव भांड्यात पडला.

पाठवायचंच असेल तर लंबक काढायचा. तो ज्या पातळ पोलादी पट्टीला लटकतो ती पट्टी कागदासारखी असते, लंबक लावून पाठवलं तर ती मोडणारच. लंबक आणि चावी वेगळ्या गुंडाळ्यांत, पण त्याच खोक्यात. टोल्यांच्या हातोडीखाली कापसाचा बोळा, वरून मऊ दोरा. दाराच्या काचेवर कागदी टेपच्या पट्ट्या फुलीसारख्या, खाकी टेप नको कारण त्याचा चिकटा जुन्या सोनेरी अक्षरांना उचकटतो. काचेवर पुठ्ठा, त्यावर थर्माकोल. खोकं पाच प्लायचं.

मोठ्या वस्तूला वजनाचा फटका बसतो तो वेगळाच. कुरिअरवाले खोक्याचं आकारमानही मोजतात: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुतेक जण पाच हजाराने भागतात आणि येणारे किलो खऱ्या वजनापेक्षा जास्त असतील तर तेच धरतात. माझं ७५ बाय ४० बाय २५ चं खोकं काट्यावर सहा किलो होतं, हिशेबात पंधरा. गिऱ्हाइकाला पाठवणावळ सांगण्याआधी हा गुणाकार करा. मी केला नव्हता, फरक माझ्या खिशातून गेला.

एखादं घड्याळ शंभर वर्षांहून जुनं असेल आणि गिऱ्हाईक परदेशातलं, तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपुढच्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आपली वस्तू त्यात मोडत नाही असं वाटत असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसं प्रमाणपत्र आधी घ्यावं लागतं. मी त्या फंदात पडत नाही, देशातच गिऱ्हाइकं भरपूर आहेत.

पत्ता, काटा, काउंटर

पत्ता गिऱ्हाइकाकडून लिहूनच घ्यायचा, फोनवर ऐकून नाही. पिनकोड नकाशात टाकून बघायचा, जिल्हा जुळतो का. या सहा आकड्यांमागे आपलाच माणूस आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर, केंद्रात दळणवळण खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतात कविता लिहायचे. त्यांनी १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू केली. शेवटचे तीन आकडे वाटप करणारं पोस्ट सांगतात, त्यातला एक चुकला की पार्सल दुसऱ्याच पोस्टात जाऊन बसतं, आणि तुम्ही मोबाइलवर ते कुठे कुठे फिरतंय ते बघत बसता. फोन नंबर पत्त्याखाली ठळक. आणि हाच पत्ता, दोघांचाही, एका कागदावर लिहून खोक्याच्या आत. बाहेरचं लेबल पावसात गेलं तर आतला कागद कामी येतो.

बाहेर ‘घड्याळ’ लिहायचं नाही, ‘किमती वस्तू’ तर नाहीच. ‘नाजूक’ लिहिलं तर लिहा, मी लिहिते, पण पार्सल उलटं पडणारच असं समजून बांधते. विमा करताना किंवा काउंटरवर विचारल्यावर आत काय आहे ते मात्र खरंच सांगायचं. विमा एका वस्तूचा आणि आत दुसरीच, असं निघालं तर भरपाईची आशा सोडा.

बांधतानाचं चित्रीकरण एका दमात करायचं. टेबलावर त्या दिवसाचा पेपर, घड्याळ, झाकणावरचा नंबर कॅमेऱ्याला दाखवून, मग डबा, मग खोकं, टेप, सही, आणि शेवटी बंद खोकं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. वजनाचा आकडा दिसला की मगच बंद. पोस्टात पुन्हा वजन होतं आणि ते पावतीवर ग्रॅममध्ये छापलं जातं. एका गिऱ्हाइकाने मला ‘रिकामा डबा आला’ म्हणून कळवलं होतं. माझ्या काट्यावर ३८६ ग्रॅम, पोस्टाच्या पावतीवरही ३८६, त्यात घड्याळ धरून. मी त्याला म्हटलं, तुमच्याकडे आलेलं खोकं, कागद, डबा सगळं जसंच्या तसं काट्यावर ठेवून फोटो पाठवा. फोटो आला नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला, बायकोने बाजूला काढून ठेवलं होतं म्हणे.

पोस्ट की कुरिअर? दोन्ही वापरलं आहे, एका खासगी कुरिअरकडून पार्सल हरवलंही आहे. कुरिअरच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरांत त्यांची जबाबदारी किती रुपयांपर्यंत ते लिहिलेलं असतं, आणि तो आकडा वाचला की वस्तू त्यांच्या हातातून परत घ्यावीशी वाटते. ‘ओनर्स रिस्क’ आणि ‘कॅरिअर्स रिस्क’ हे दोन शब्द तिथे विचारायचे: पहिल्यात वाटेतलं नुकसान आपलं, दुसऱ्यात कुरिअरवाल्याचं. दुसरा पाहिजे, त्याचे जास्त पैसे पडतात, आणि तो पावतीवर लिहून घ्यायचा.

माझा भर स्पीडपोस्टवर. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ पासून वेगळं राहिलेलं नाही, ते स्पीडपोस्टमध्येच सामावलं गेलं. १ ऑक्टोबर २०२५ च्या नव्या दरांबरोबर दोन सोयी आल्या: पाच रुपये अधिक जीएसटी भरून नोंदणी, म्हणजे पार्सल ज्याच्या नावाचं त्याच्याच किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या हातात, आणि तेवढ्याच पैशांत ओटीपी सांगितल्यावरच वाटप. मी दोन्ही घेते. ओटीपीचं गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर हल्लीच्या दिवसांत माणूस पोस्टमनलाच भामटा समजून नंबर देत नाही.

विमा हवा असं काउंटरवर तोंडाने सांगावं लागतं, आपोआप होत नाही. किमतीचा आकडा द्यायचा, आणि ती रक्कम पावतीवर आली का हे खिडकीसमोरून हलण्याआधी बघायचं. विमा नसेल तर हरवलेल्या स्पीडपोस्टची भरपाई म्हणजे भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यांतलं जे कमी ते. पाऊणशे रुपये शुल्क भरलं असेल तर आठ हजारांच्या घड्याळाचे किती मिळतील, हिशेब करा. आणि किमतीचा आकडा सिद्ध करता यायला हवा. मी साधं पावतीपुस्तक ठेवलंय, प्रत्येक विक्रीची पावती, कार्बन घालून. एक प्रत खोक्यात.

आमच्या सोसायटीतल्या एकीने मला सोन्याची चेन अशीच बांधून द्यायला सांगितलं. नाही म्हटलं. सोनं, नाणी, नोटा पोस्टातून विमा न करता पाठवता येत नाहीत आणि बहुतेक खासगी कुरिअरच्या अटींमध्ये या वस्तू घेणारच नाही असं लिहिलेलं असतं. खोटं नाव लावून पाठवली आणि गेली, तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

वार सोमवार किंवा मंगळवार निवडा. शुक्रवारी दिलेलं पार्सल शनिवार-रविवार कुठल्यातरी गोदामात पडून राहतं. गणपतीचे पहिले पाच दिवस आणि दिवाळीचा आठवडा मी काहीच पाठवत नाही, गिऱ्हाइकाला आधीच तसं सांगते. पार्सलचा नंबर (दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे, शेवटी आयएन) पावतीवरून टाइप करू नका, पावतीचाच फोटो पाठवा. आणि गिऱ्हाइकाला बजावून ठेवा की पत्ता सुधारायला पाच रुपये भरा अशी लिंक कुणी पाठवली, किंवा पार्सल कुठे आहे ते बघायला एखादं ॲप उतरवून घ्या म्हणालं, तर ते पोस्ट नव्हे.

पोचल्यावर

गिऱ्हाइकाला मी एवढंच सांगते: उघडतानाचं चित्रीकरण करा, खोक्याच्या सहाही बाजू आधी दाखवा, माझी सही फाटलेली दिसली तर पोस्टमनसमोरच सांगा. आणि थंडीच्या गावात असाल तर घड्याळ तासभर तसंच राहू द्या, मग चावी. पहिली चावी हळू, बोटाला अडल्यासारखं वाटलं की थांबा. काहीजण जोरात पिळतात आणि स्प्रिंग गेली की मला फोन करतात.

चित्रीकरण तीन महिने ठेवते, मग पुसते, मोबाइल भरतो. पावत्या मात्र ठेवते. अण्णांच्या टेबलावर लाकडी ठोकळ्यात उभा खिळा होता, त्यात ते गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या खुपसायचे. तो खिळा आता माझ्या शिलाई मशीनवर आहे. आज त्यात एक पावती गेली, जनता, पांढरी डायल, ३९२ ग्रॅम, बरेलीला.